अंतराळातल्या राजाची निवडणूक

एकोणीसशे नव्व्याण्णव साली मी सालेकशाच्या आमच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो. नागरिकशास्त्राच्या तुरकर सरांनी माझं नाव विचारण्याआधी विचारलं, "काल केबलवर ती अंतराळाची मालिका पाहिली का जी?" पाहिली होती, मला त्यातली यानं आवडायची. "यानं सोडा. त्या ग्रहावर निवडणूक काऊन होऊन नाही राहिली, ते पाहा." तेव्हापासून मला एकही मालिका सुखाने पाहता आलेली नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर सर मुलांना शाळेच्या टीव्हीवर ती हिंदी डब मालिका दाखवत. त्यातला राजा दरवेळी सांगे, आकाशातून शत्रू येतोय, तो टळेपर्यंत निवडणूक नाही. ऐन लढाईत सर टीव्ही बंद करून विचारत, "शत्रू कोणी पाहिला?" मुलं वैतागत, मी तर फारच. तरी पुढच्या शनिवारी आम्ही सगळे हजर.

अडचण अशी, की आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनीही निवडणूक लांबवत नेली होती. शहरातल्या मोठ्या संस्था आपल्याला गिळतील, हे कारण. सरांनी वर्गात संस्थेचं नाव कधीच काढलं नव्हतं, पण कुणीतरी अध्यक्षांचे कान भरले. बोलावणं आलं, मी सोबत गेलो.

"काऊन जी तुरकर, तो राजा म्हणजे मीच ना?"

सरांनी फक्त 'नाही' म्हणायचं होतं. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबत होतो. सर शांतपणे म्हणाले, "मालिका परदेशातली आहे साहेब, त्यांनी तुम्हाला पाहिलंच नाही. पण तुम्हाला ओळख पटली असंल, तर मी नाही कसा म्हणू?"

बदली झाली, थेट नवेगाव बांधकडच्या शाळेत. सर तिथे खोली करून राहिले, इथे घर आणि धानाची शेती वहिनींनी एकटीने ओढली. सरांनी न म्हटलेल्या त्या एका 'नाही'चा राग मला अजून येतो.

माझ्या आईला गोंदियाला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा हेच सर मिळेल त्या गाडीने आले, रक्त दिलं आणि खाटेशी बसून आईला त्या राजाची गोष्ट सांगितली. आई घरी आली ती मलाच विचारत, "तुमची निवडणूक कायले थांबून राहिली रे?"

यंदा सरांची साठी. सत्काराचे पाहुणे तेच अध्यक्ष, अजून त्याच खुर्चीत. सर म्हणाले, "आधी निवडणूक, मग हार." मंडप सांगितलेला, तारीख दोनदा बदलली, आम्ही हात टेकले. मग त्या टीव्हीपुढे बसणारी मुलं, जी आज संस्थेची सभासद आहेत, त्यांनीही कळवलं की निवडणूक नाही तर आम्हीही येत नाही. रिकाम्या मंडपात भाषण करायला अध्यक्ष तयार नव्हते. हा लेख छपाईला जाताना ठरलं आहे: रविवारी मतदान, सोमवारी सत्कार.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. त्यांची पंच्याहत्तरीही करायलाच हवी. संस्थेची पुढची निवडणूक बहुधा तेव्हाच होईल.