आप्पांचा बर्फ

डिसेंबर लागला की आमच्या कासुर्डीतली माणसं कपाटातून स्वेटर काढतात. आप्पा स्वयंपाकघरातून ताटल्या काढत. जेवणाच्या स्टीलच्या ताटल्या, एक परात आणि बायकोचं, म्हणजे काकूंचं, लक्ष नसेल तर इडलीचा साचाही. हे सगळं पाण्यानं भरून संध्याकाळी गच्चीवर ओळीनं मांडायचं आणि पहाटे उठून पाणी गोठलं का ते पाहायचं, हा त्यांचा हिवाळी कार्यक्रम. पाणी गोठत नसे. पुणे-सोलापूर हायवेच्या कडेला, ऊस आणि शेवंतीच्या रानात पाणी गोठवण्याचा उद्योग निसर्गानं कधी अंगावर घेतल्याचं ऐकिवात नव्हतं. पण कावळे, चिमण्या आणि एक भटकं मांजर यांची पाण्याची सोय उत्तम झाली होती. त्या दृष्टीनं पाहिलं तर आप्पांचे कष्ट वाया गेले असं म्हणता येत नाही.

आप्पा माझे शेजारी. गच्चीवर दात घासताना मला त्यांची परात दिसायची, इतके जवळचे शेजारी. त्यांचे वडील मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत हिंडलेले. आप्पांनी मात्र जमीन धरली, विहीर पाडली, शेवंती लावली, गाई बांधल्या आणि त्यानंतर यवतच्या पलीकडं जायचं म्हटलं तरी त्यांना गाई आठवायला लागल्या. मी शिक्रापूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो आणि घरी आल्यावर ती सवय काही सुटत नाही. म्हणून आप्पा मला इन्स्पेक्टर म्हणायचे.

"आप्पा, गोठलं का?" मी रोज विचारायचो.

आप्पा परातीत बोट बुडवून, डोळे मिटून, थोडा वेळ नाडी बघितल्यासारखं करायचे. "न्हाई. पर आज लई जवळ आलं हुतं, इन्स्पेक्टर."

"किती जवळ?"

"बोट बधिर झालं की माजं!"

या सगळ्याचं मूळ एका कॅलेंडरात होतं. काकूंचं माहेर शिरूर तालुक्यातलं. आप्पा त्यांना बघायला गेले तेव्हा भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं आणि त्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र. पाहुण्यांनी मुलीला विचारायचं ते सगळं विचारून घेतलं. पोहे चांगले झाले असावेत, कारण मग कुणीतरी उदार होऊन म्हणालं, "पोरीला काय इचारायचं आसंल तर तिलाबी इचारू द्या." असं म्हटल्यावर मुलीनं मान खाली घालून नाही म्हणायचं असतं. काकूंनी मान वर करून विचारलं, "तुमी बर्फ बघितलाय का?" आप्पांनी तोवर पुण्याचं मार्केट यार्ड सोडून काही बघितलेलं नव्हतं. त्यांनी कॅलेंडरकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं आणि म्हणाले, "न्हाई. पर दाखवीन की." बाकीचे नवरे असल्या गोष्टी कबूल करतात आणि हळद उतरायच्या आत विसरून जातात. आप्पा विसरले नाहीत, हाच सगळा घोटाळा.

बरं, शब्द पाळायचा तर माणूस रेल्वेचं तिकीट काढतो. आप्पांची अडचण वेगळी होती. गाईंच्या धारा कोण काढणार? शेवंतीची तोडणी कोण बघणार? एकदा तर बॅगसुद्धा भरली होती, तेव्हा नेमकी एक गाय व्यायला झाली आणि बॅगेतले कपडे परत दोरीवर गेले. शेवटी आप्पांनी खूप विचार करून सोपा मार्ग काढला. दोन माणसांनी हिमालयात जाण्यापेक्षा हिमालयानंच थोडंसं कासुर्डीला यावं. त्याच्या मागं कुठं गाई होत्या?

मोबाईल आल्यावर तर या निश्चयाला शास्त्राचा आधार मिळाला. शिरूरचे एक निवृत्त गुरुजी थंडीवर एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवायचे आणि आप्पा त्याचे सर्वांत निष्ठावंत सभासद. नोव्हेंबरात गुरुजी जाहीर करत, "यंदा हाडं गोठवणारी थंडी." डिसेंबरात लिहीत, "ढगाळ हवामानामुळे थंडी लांबणीवर." जानेवारीत लिहीत, "लाट उत्तरेकडून निघाली आहे, सज्ज राहा." आणि फेब्रुवारीत गुरुजी सकाळचे सुविचार पाठवायला लागले की हिवाळा संपला असं समजायचं. आप्पांच्या फोनमध्ये हवामानाची चार अ‍ॅप होती, चारही वेगळे आकडे दाखवायची आणि आप्पा सर्वांत कमी आकड्यावर विश्वास ठेवायचे. आमच्या कारखान्यात अशा माणसाला पहिल्याच दिवशी गेटबाहेर काढलं असतं. थंडीच्या लाटेबद्दल ते एसटीबद्दल बोलावं तसं बोलायचे. "नाशकापतुर आली हुती. तितनंच माघारी फिरली बग."

गावाला हे प्रकरण फारसं रुचत नव्हतं. फार थंडी पडली की टोमॅटो जातो, फुलं करपतात. म्हणून शेजारचे लोक थंडी जरा बेतानं पडो म्हणून देवाला विनवत आणि हा माणूस गच्चीवर ताटल्या मांडून तिला आमंत्रण देत होता. पारावर कुणीतरी सुनावलं, "आप्पा, बर्फ पडला तर आदी तुमचीच शेवंती जाईल." आप्पा म्हणाले, "जाऊ द्या की. शेवंती पुढच्या साली लावता येती."

मी एका रविवारी तज्ज्ञ घेऊन आलो. महेंदर आमच्याच कारखान्यात मशीनवर होता, शिक्रापूरला खोली घेऊन राहायचा आणि मूळचा हिमाचलातल्या डोंगरावरचा. म्हटलं, हा आप्पांचं डोकं ठिकाणावर आणेल. महेंदर प्रामाणिकपणे म्हणाला, "अंकल, बर्फ में कुछ नहीं है. नल जम जाता है, रास्ता बंद हो जाता है, बूढ़े लोग फिसल के हड्डी तोड़ लेते हैं." आप्पांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "पर हाथ में लिया तो कैसा लगता है?" महेंदरनं आपला तळहात उघडून त्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "हल्का. एकदम हल्का, अंकल." मग दोघंही बराच वेळ त्या रिकाम्या तळहाताकडं बघत बसले. माझा तज्ज्ञ फितूर झाला तो असा.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात काकूंच्या बचत गटाची हिमाचलची सहल ठरली. काकूंचे गुडघे तोवर कुरकुरायला लागले होते. त्या म्हणाल्या, "गुडगं चालत्यात तवर जाऊन येती. तुमी गाई बघा." आप्पांचा चेहरा उतरला. "पंधरा दिस थांब की. गुरुजी म्हणत्यात, लाट निगालीया."

"अवो, लगीन झाल्यापास्नं तुमची लाट निगालीच हाय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी बॅग भरली. या वेळी कुठलीच गाय मदतीला आली नाही.

काकू गेल्या आणि आप्पांची पंचाईत सुरू झाली. बर्फासाठी आयुष्यभर झुरलेला हा माणूस आता हिमाचलात बर्फ पडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसला. रोज फोन. "दिसला का?" पलीकडून काकू म्हणायच्या, "गाइड म्हणतुया, उद्या." फोन ठेवताना आप्पांच्या तोंडावर जे समाधान पसरायचं ते लपवायला त्यांना गोठ्यात जावं लागायचं. नंतर त्यांची त्यांनाच लाज वाटली असावी. गव्हाणीत चारा टाकता टाकता मला म्हणाले, "तिला दिसू दे रं. एवढ्या लांब गेलीय ती. पर इन्स्पेक्टर, शबुद मी दिला हुता. गाइडनं न्हवं."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पहाटे आप्पांनी माझं दार वाजवलं. तोंडातून वाफ निघत होती. मला ओढतच त्यांनी ओढ्याकाठच्या खालच्या रानात नेलं. गाईंसाठी लावलेल्या घासावर पांढरी साय धरली होती. मी बोट लावलं. कडक लागली आणि बोटाखाली करकरली. दव गोठलं होतं. गच्चीवरच्या ताटल्यांत, अर्थातच, नेहमीसारखं पाणीच होतं. इतकी वर्षं ताटल्या मांडून ज्याला बोलावलं तो गपचूप मागच्या दारानं, गाईंच्या चाऱ्यावर येऊन उतरला होता.

पलीकडच्या वाफ्यात शेवंती काळी पडलेली मला दिसली. आप्पांनाही दिसली असणार. ते गुडघ्यांवर बसून चमच्यानं घासावरचा बर्फ खरवडत होते आणि स्टीलच्या डब्यात भरत होते. "ऊन यायच्या आत आवर," ते म्हणाले. मी दुसरा चमचा घेतला. गावातले लोक करपलेले टोमॅटो बघत आप्पांच्या नावानं बोटं मोडत होते आणि आम्ही दोघं फ्रीजरमध्ये मटार हलवून डब्याला जागा करत होतो.

काकू परत आल्या. दमल्या होत्या, पाय सुजले होते. त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवले. गटातल्या सगळ्या बायका भाड्याचे लाल-पिवळे केसाळ कोट घालून उभ्या आणि मागं तपकिरी, कोरडा ठणठणीत डोंगर. "कुठला बर्फ आन् काय," काकू म्हणाल्या. "आपल्या भुलेश्वराचा डोंगार बरा. पडंल म्हणले, आज पडंल, उद्या पडंल. यंदा तिकडंबी न्हाई पडला." म्हणजे त्यांच्याकडंही एक गुरुजी असणार.

आप्पांनी फ्रीजरमधून डबा काढला आणि काकूंपुढं धरला. काकूंनी झाकण उघडलं. मी आयुष्यात इतका मोठा क्वालिटीचा प्रश्न पाहिलेला नाही. रानातून आणलेला बर्फ फ्रीजरमध्ये ठेवल्यावर तो रानातला आहे हे सिद्ध कसं करायचं? काकूही तेच म्हणाल्या. "ह्यो तर फ्रीजातला बर्फ हाय." आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी साक्ष द्यायला पुढं झालो, पण मी काही बोलायच्या आत काकूंनी डबा उजेडाकडं धरला. बर्फात घासाचं एक हिरवं पान अडकलं होतं.

"ह्यो आपल्या घासाचा पाला," काकू हळूच म्हणाल्या. त्यांनी चिमूटभर बर्फ उचलून जिभेवर ठेवला आणि डोळे गच्च मिटले. "दाढा कळवळल्या बया!" मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "दाखवला म्हंजी तुमी." आप्पा गोठ्यात निघून गेले. धारांची वेळ नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात आप्पा गेले. सकाळी फुलं तोडून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि यवतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. शिरूरच्या गुरुजींनी ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, त्यांतलीही एक उद्याच्या पावसाबद्दल होती. महेंदर शिक्रापूरहून आला आणि दारात बसून राहिला. मला दात घासायला गच्चीवर जाणं जड जायला लागलं. समोरची गच्ची फार स्वच्छ दिसायची.

डबा मात्र फ्रीजरमध्ये होता. लाइट जायची, बर्फ थोडा वितळायचा, लाइट यायची, परत गोठायचा. आता त्याची एक वडी झाली होती, मधोमध ते पान.

यंदाच्या एप्रिलमध्ये वस्तीवरचा डीपी जळाला आणि सगळ्यांची लाइट गेली. दुरुस्तीला किती दिवस लागतील ते कुणी सांगेना. भर दुपारी काकू माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात आप्पांच्या वडिलांच्या घोंगडीत गुंडाळलेलं बोचकं. "इन्स्पेक्टर," त्या म्हणाल्या. आप्पा गेल्यापासून मला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. "यवतला आइस्क्रीमवाल्याकडं जनरेटर हाय म्हणं. जरा गाडी काडतुस का?"

मी मोटरसायकल काढली. वर ऊन, खाली तापलेला डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंनी ट्रक आणि मागं मांडीवर घोंगडी घेऊन काकू. घोंगडीतून पाणी झिरपून माझ्या पाठीवर गारवा उतरत होता. आयुष्यात कधी चालवली नसेल इतक्या जोरात मी गाडी चालवली.

आइस्क्रीमवाला घोंगडीकडं बघतच राहिला. "काय हाय ह्यात?"

"बर्फ," मी म्हणालो.

"बर्फ? आवो, बर्फाची काय कमी हाय हितं? पायजे तेवडा घिऊन जावा की!"

"हा तसला नाही. हा कासुर्डीत पडलेला आहे."

तो मोठ्यानं हसला. मी गच्चीवरून हसायचो तसाच. "कासुर्डीत? अन् बर्फ?"

काकूंनी डबा घट्ट धरला होता. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी झाकण उघडून त्याला ते हिरवं पान दाखवू शकलो असतो, पण तेवढ्यानंही डब्यात ऊन शिरलं असतं.

"फ्रीजर उघडा आधी," मी म्हणालो. "डिसेंबरात या आमच्याकडं. दाखवीन की."