अप्पा वारले त्या दिवशीची भजी

आमचे अप्पा वारले त्या दिवशी भज्यांत मीठ कमी पडलं होतं, आणि ही तक्रार खुद्द अप्पांनीच केली.

हे कसं झालं ते सांगतो. पण आधी मी कोण ते सांगायला पायजे, कारण सगळ्या घोटाळ्याच्या मुळाशी मीच आहे. (घरात कुणालाही विचारा. विचारायच्या आधीच सांगतील!)

कमलनगरच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ते पोटासाठी. जिवासाठी मी भुताच्या मालिकेचं परीक्षण करतो. टीव्हीवर दर शनिवारी लागते. प्रत्येक एपिसोडला नवी गोष्ट, नवी माणसं, नवं भूत. (नाव सांगत न्हाई. फुकट जाहिरात कामून करू?) शनिवारी बघायचं आणि रविवारी सकाळी आपल्या आवाजात परीक्षण रेकॉर्ड करून मोबाईलवरच्या आमच्या 'हडळप्रेमी' ग्रुपवर टाकायचं, शेवटी पाचपैकी तारे द्यायचे. औराद, भालकी, उदगीरकडची मंडळी आहेत त्या ग्रुपात. ऐकतात का ते माहीत न्हाई, पण अंगठा दाखवतात.

माझी एक पद्धत आहे. आधी प्रसंग, मग नमस्कार. म्हणजे "नमस्कार मित्रांनो" वगैरे पाल्हाळ लावायचं न्हाई. एपिसोडमधला सगळ्यात जबरी प्रसंग थेट करून दाखवायचा, ऐकणाऱ्याला धडकी भरली की मग आपली ओळख द्यायची. भुताच्या आवाजासाठी मी गच्चीवरच्या रिकाम्या ड्रममध्ये डोकं घालून बोलतो. शेजारच्या बाया सुरुवातीला काळजीनं बघायच्या. आता बघत न्हाईत.

अप्पांना हा प्रकार बिलकुल खपत न्हाई. अप्पा हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेले, आणि दर पौर्णिमेला विहारात त्यांचं भाषण ठरलेलं. विषय एकच. भूत नसतं!

"मी गावाला सांगायलाव भूत नसतंय म्हणून," ते आईला म्हणतात, "आन् ह्यो माझ्याच घरात बसून भुताला तारे वाटायलाय!"

आता त्या रविवारचं. माझी धाकटी बहीण सुजाता बिदरला दवाखान्यात नर्स आहे. तिला आजवर जी स्थळं आली त्या सगळ्यांना तिनं काही ना काही खोट काढून परत पाठवलं होतं. पण हुमनाबादच्या प्रशांतशी फोनवर एकदाच बोलली आणि स्वतःहून आईला म्हणाली, "बघायला येऊ दे त्यांना." आई स्वयंपाकघरात जाऊन आनंदानं रडली. पोरगं जनावरांचं डॉक्टर, सरकारी नोकरीत. सुजाताला मनापासून आवडलेलं हे पहिलंच स्थळ, आणि ते हातचं जाऊ नये म्हणून घरात सगळे जपून चालत होते.

भावकीला तर पत्ताच लागू दिला नव्हता. आधी कळलं की कुणीतरी भांजी मारतंच.

सुजातानं मला आदल्या दिवशीच दम भरला. "दादा, उद्याचा एक दिवस तोंड बंद ठेव. भुताचं नाव काढायचं न्हाई. जमंल?"

"व्हय की," मी म्हणालो. आणि तोंड बंद ठेवण्याआधी परीक्षण उरकून टाकावं म्हणून सकाळी उजाडताच गच्चीवर गेलो.

एपिसोड असा होता: म्हातारा बाप रात्री झोपेतच जातो. पोरगा धाय मोकलून रडतो. आणि सकाळी म्हातारा उठून पोरापुढं येऊन बसतो, चहा मागतो, एक घोट घेतो आणि म्हणतो, चहात साखर कमी आहे! बस्स. गोष्ट झकास, पण त्या नटाचं रडणं अगदीच मिळमिळीत. शिवाय तो बापाला 'पापा' म्हणतो. आमच्या माणसांना पापा कसा भिडणार? मी 'पापा'चं 'अप्पा' केलं, ड्रममध्ये डोकं घातलं, आणि असला हंबरडा फोडला की ड्रमसुद्धा दणाणला.

"अप्पाऽऽ! आमाला सोडून गेलाव हो! रात्री जेवून झोपले ते उठलेच न्हाईत होऽऽ!"

खालून सुजाता ओरडली, "दादा! पडदे कोण लावणार?" मी घाईघाईत पहिला दिसला तो ग्रुप दाबून परीक्षण पाठवलं. दर रविवारी वर हडळप्रेमीच असतात. त्या दिवशी खजुरीच्या काकांनी पहाटेच गुलाबाच्या फुलाचा फोटो टाकल्यामुळं वर नातेवाइकांचा 'भावकी' ग्रुप होता. मला काय ठावं! खाली आलो तर सुजातानं हातातून मोबाईल ओढून घेतला, बंद केला आणि ज्वारीच्या डब्यात खुपसून टाकला.

आता तुम्ही म्हणाल, भावकीतल्या कुणी आमच्या घरात दुसऱ्याला फोन करून विचारायचं न्हाई का? न्हाई! मातीला, म्हणजे मयताला जायचं म्हटल्यावर आमच्याकडं फोन करून खात्री करत न्हाईत. "खरंच गेले का?" असं विचारणाऱ्याला जन्मभर नावं ठेवतात. बातमी आली की हातातलं टाकायचं आणि मिळंल त्या गाडीनं निघायचं. आणि गेलेल्याच्या घरी चूल पेटत न्हाई, म्हणून जाताना भाकऱ्या बांधून न्यायच्या. तिकडं मंठाळमध्ये आत्याच्या घरी तवे तापले, खजुरीत काकांनी जीप सांगितली, आणि इकडं आमच्या घरी आई कांदाभजी तळत होती!

अप्पा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अंगणात खुर्चीवर बसले होते. ताटलीतल्या भज्यांची चव घेणं चालू होतं.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून रडण्याचा आवाज आला. आई पदराला हात पुसत बाहेर आली. "कोण गेलं गं बाई?"

मंठाळची आत्या होती! अप्पांची सख्खी बहीण. डोक्यावर भाकरीचं गठुडं, डोळ्याला पदर, मागं तिच्या गल्लीतल्या दोन बाया. "माझा अण्णाऽऽ गेला गंऽऽ!" करत ती फाटकापर्यंत आली आणि सुजाताला बघून रडायची थांबली. नवी साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा!

"अगं ए! बाप गेला आन् गजरा माळलीस?" मग तिनं हवेत वास घेतला. "आन् भजी तळायलाव तुमी?"

सुजाताला काही कळेना. मला थोडं थोडं कळायला लागलं होतं, म्हणून मी हळूच जिन्याकडं सरकलो.

आता आत्याचं एक सांगतो. भावकीत बाकीच्यांनी नुसतं रडणं ऐकून मोबाईल खिशात घातला होता. आत्यानं मात्र मंठाळहून येताना वडापच्या जीपमध्ये पुढचंही ऐकलं होतं. म्हातारा उठतो, चहा मागतो, साखर कमी आहे म्हणतो, इथपर्यंत! तिथं रेंज गेली. "नमस्कार मित्रांनो" तिच्यापर्यंत पोचलाच न्हाई.

अप्पांची खुर्ची तुळशीच्या कट्ट्याआड... छे, तुळस आमच्याकडं कुठली, पाण्याच्या हौदाआड होती. (शेजाऱ्यांची तुळस डोळ्यात बसलीय.) रडारड ऐकून अप्पा हातात चहाचा कप घेऊन उठले, हौदामागून पुढं आले, एक घोट घेतला आणि आईकडं वळून म्हणाले,

"चहात साखर कमी हाय."

आत्यानं जी किंकाळी फोडली ती एपिसोडवाल्यांनी ऐकली असती तर पैसे देऊन नेली असती. गठुडं पडलं, भाकऱ्या अंगणभर झाल्या. "आलाऽऽ! खरंच उठून आलाऽऽ! तेच बोलायलाय, साखर कमी हाय म्हणायलाय!"

"कोण आलं?" अप्पा मागं वळून बघायला लागले.

"भूत! भूत!" आत्यासोबतच्या दोन्ही बाया फाटकाबाहेर.

अप्पांच्या आयुष्यभराच्या भाषणांना हे आव्हान होतं. ते कप उंचावून गरजले, "मी भूत न्हाई! भूत नसतंयच मुळात! कितीदा सांगितलं तुमाला!"

"मग अण्णा, तू कोण हाईस?" आत्यानं हात जोडून विचारलं.

आत्याला पाणी पाजून, अप्पांचा हात तिच्या हातात देऊन, नाडी लागते ते दाखवून सुजातानं तिला कशीबशी समजावली. मग तिनं सगळा प्रकार विचारून घेतला आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. मी तेव्हा जिन्याच्या चौथ्या का पाचव्या पायरीवर होतो. "दादा," ती हळू म्हणाली, "पाहुणे यायची येळ झालीय. खजुरीचे काका बी निघाले असतील का?"

ह्याचं उत्तर फाटकातूनच आलं. खजुरीची जीप आणि हुमनाबादची कार दोन्ही एकदमच आल्या! जीपमधून काका उतरले, हातात भला मोठा पांढऱ्या फुलांचा हार. मागून चुलत भाऊ, वहिन्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत. कारमधून प्रशांत, त्याची आई आणि त्याचे वडील मिठाईचा बॉक्स घेऊन उतरले. त्यांनी ही मंडळी बघितली, बॉक्स गाडीत परत ठेवला आणि चप्पल काढून मान खाली घालून उभे राहिले. सज्जन माणसं!

"कधी झालं?" प्रशांतच्या वडिलांनी काकांना हळूच विचारलं.

"रात्री झोपेतच," काका हुंदका देत म्हणाले. "उठलाच न्हाई माझा अण्णा."

"अरेरे. आमी पोरगी बघायला आलो होतो हो."

काका हुंदक्याच्या मधेच थांबले. "पोरगी बघायला? आज? आन् आमाला सांगितलं न्हाई?"

कप ठेवायला आत गेलेले अप्पा पाहुणे आल्याचा आवाज ऐकून हात जोडून बाहेर आले. तोंडभर हसू! "या, या! लई उशीर केलाव!"

काकांनी अप्पांना बघितलं. हार गळून पडला, आणि त्यामागोमाग काकाही. सरळ आडवे!

एकच गोंधळ. वहिन्या रडायला लागल्या (आता खरोखरच्या), आत्या सगळ्यांना ओरडून सांगत होती, "भूत न्हाई, मी नाडी बघितली हाय!" मी खाली धावलो, तर अप्पांनी मला अडवलं. "तू लांब ऱ्हा. तू काय बी करू नको."

सुजातानं पदर खोचला आणि काकांपाशी गुडघ्यावर बसली. कॉलर सैल केली, नाडी धरली. "सरका सगळे! वारं येऊ द्या! कुणीतरी पाय वर धरा ह्यांचे!"

प्रशांत पुढं आला आणि त्यानं काकांचे पाय धरले. "मी डॉक्टर आहे," तो म्हणाला.

"जनावरांचे," सुजाता म्हणाली. मान वर न करता.

"व्हय. पाय तेवढे सारखेच धरावे लागतात."

सुजाता हसली. गजरा एका बाजूला लोंबत होता, साडीला अंगणातली माती लागली होती, मधे काका आडवे, आणि ही दोघं एकमेकांकडं बघून हसायलेत! नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का, हे विचारायचं राहूनच गेलं. काकांनी डोळे उघडले, अप्पांचा चेहरा वर दिसला, ते पुन्हा मिटायला निघाले.

"शिद्ध्या!" अप्पा ओरडले. "मी जित्ता हाय! उठ!" लहानपणीच्या नावानं हाक ऐकल्यावर काका उठले, आणि अप्पांच्या गळ्यात पडून जे रडले ते मघापेक्षा जास्त. अप्पाही रडले. म्हणाले भज्यांचा धूर गेला डोळ्यात.

घोटाळा कशानं झाला ते कळल्यावर प्रशांतचे वडील शांतपणे म्हणाले, "ते रेकॉर्डिंग आमाला बी ऐकवा की."

मोबाईल ज्वारीतून काढला, झटकला, चालू केला. सोयरे, पाहुणे, शेजारी सगळे गोल करून बसले. माझा हंबरडा अंगणात घुमला. मग म्हातारा, मग साखर, मग अखेर "नमस्कार मित्रांनो!" आणि त्याच्यापुढं माझा निकाल: "ह्या एपिसोडमधलं रडणं एकदम खोटं वाटतंय. बाप गेल्यावर असं कोण रडतंय? मी रडून दाखवलं तसं पायजे. दोन तारे!"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "मी गेल्यावर तू असं रडणार हाईस?"

"व्हय अप्पा."

"मग जरा कमी रड," अप्पा म्हणाले. "लई नाटकी वाटतंय."

प्रशांतच्या वडिलांना हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी गाडीतला मिठाईचा बॉक्स परत मागवला. "पोरगी आमाला पसंत हाय," ते म्हणाले. "एवढ्या गोंधळात जिचं डोकं ठिकाणावर ऱ्हातंय, ती कुठं बी नांदंल." सुजातानं प्रशांतकडं बघितलं आणि आईला मान डोलावली. अप्पांनी अंगणातला तो पांढऱ्या फुलांचा हार उचलला, माती झटकली आणि व्याह्यांच्या गळ्यात घातला. मातीच्या भाकऱ्या, लग्नाची भजी आणि शिरा सगळ्यांनी एका पंगतीत खाल्ला. काका भावकीला न सांगितल्याबद्दल जेवण संपेपर्यंत रुसून होते, पण शिरा दोनदा घेतला.

लग्नाची पत्रिका माझ्याच दुकानात छापली. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात. अप्पा स्वतः दुकानात आले, चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसले आणि आजोबांच्या नावाआधी आहे, आपल्या नावाआधी न्हाई, हे दोनदा तपासून घेतलं.

"अप्पा," मी विचारलं, "निमंत्रकांत माझ्या नावाआधी काय टाकू? परीक्षक टाकू का?"

अप्पांनी चष्मा काढला.

"काय बी टाकू नको," ते म्हणाले. "आन् जमलं तर, नाव बी."