चाळीस फोटो आणि एक हिरवा माळ

नकाशा कचेरीतल्या या गृहस्थांना सगळे पाठीमागे शंकासुर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं याचाही त्यांना पक्का संशय होता. अठ्ठावीस वर्षं ते उपग्रहाच्या चित्रांवरून कोरड्या माळरानाचे नकाशे करत होते. कुठलं रान हिरवं झालं, कुठलं उजाड पडलं, ते रंगांत दाखवायचं. चहासुद्धा दूध कधीचं आहे हे विचारल्याशिवाय पीत नसत.

एका आठवड्यात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या गावचा माळ नकाशावर हिरवागार निघाला. गवत परतलं, असा अहवाल सोमवारी वर गेला की तिथलं सरकारी चाऱ्याचं वाटप बंद होणार होतं. तिच्या पाच गाई त्याच चाऱ्यावर तग धरून होत्या.

“दादा, गवताची काडी नाही रे इथे,” ती फोनवर म्हणाली. “गाईंच्या बरगड्या मोजता येतायत.”

आता ही लहानपणापासून राईचा पर्वत करणारी! नुसतं खरचटलं तरी पाय मोडला म्हणून गल्ली गोळा करायची. शंकासुरांनी आधी तिच्यावर संशय घेतला, मग शेजारच्या टेबलावरच्या संगणकवाल्या बाईंवर. साहेबांना खूश करायला त्यांनीच आकडे फुगवले असणार! बाई उठल्या की हे त्यांच्या पडद्यात डोकावत.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” ते एकदा पुटपुटले.

“मग एकदा जाऊन बघा ना,” बाई वैतागून म्हणाल्या.

रविवारी ते गेले. बसमधून उतरले तर समोर माळ खरंच हिरवा. बहिणीचं खोटं पकडलं म्हणून त्यांना बरंसुद्धा वाटलं. मग ती त्यांना आत घेऊन गेली. रस्त्यापासून शंभर पावलांवर गवत संपलं. पुढे नजर जाईल तिथवर काटेरी झुडपं, बारा महिने हिरवी, आणि खाली उघडी जमीन. बहिणीनं सोबत आणलेल्या गाईनं एका फांदीला नाक लावलं आणि तोंड फिरवलं.

“हे तुमच्या नकाशात गवत?” बहिणीनं विचारलं.

वरून सगळं हिरवं सारखंच दिसतं. म्हणून तर दर काही वर्षांनी कचेरीतला कुणीतरी ठरलेल्या चाळीस ठिकाणी जातो, फोटो काढतो, गवत की झुडूप ते लिहितो आणि संगणक त्यावरून गवत ओळखायला शिकतो. कोण गेला होता तो कामचुकार? सोमवारी दातओठ खात शंकासुर सगळ्यांच्या आधी पोचले.

कित्येक वर्षांपूर्वीचे ते चाळीसच्या चाळीस फोटो रस्त्याच्या कडेचे. तिथे पावसाचं पाणी साचतं, गवत असणारच. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात जीपचा आरसा. पठ्ठ्या गाडीतून उतरलासुद्धा नव्हता! त्यांनी एक फोटो मोठा केला. आरशात कॅमेरा धरलेला माणूस होता. त्याच्या गळ्यातला निळा मफलर बहिणीनं विणलेला होता.

त्या वर्षी त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून गाडीत बसूनच फोटो उरकले होते. त्यांना आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई आल्या तेव्हा त्यांनी पडदा वळवला. “हा मी. अहवाल थांबवा. चूक माझी, तसंच लिहा.”

बाईंनी फोटो निरखला. “नक्की तुम्हीच ना?”

“नक्की,” शंकासुर म्हणाले.