शिवाप्पाचा साक्षीदार

त्या दिवशी सकाळी धुकं असं उतरलं होतं, की रंकाळ्याचं पाणी कुठं संपतं आणि रस्ता कुठं लागतो तेच कळत नव्हतं. थंडीही चांगलीच. कानाला मफलर गुंडाळून मी शिवाप्पाच्या एम-एटीवर मागं बसलो आणि कोर्टात निघालो. साक्ष द्यायला! आणि तिथं मी जो दिवा लावला, तो सांगायचा म्हणजे… थांबा, आधी कप खाली ठेवा. चहा सांडायचा.

शिवाप्पा आमचा शेजारी. भिंतीला भिंत. तिशीचा गडी, कष्टाळू, बरीच वर्षं दुसऱ्याच्या ट्रकवर राबला. नव्वद सालानंतरची गोष्ट ही, नक्की साल काही मला सांगता यायचं नाही. तर त्याला एका शाळेच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागत होती. कायमची! शाळेची अट एकच. अंगावर वाहतुकीची एकही केस नाही, असा कोर्टाचा कागद सोमवारच्या आत आणायचा.

आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याला नोटीस आली. दसऱ्याच्या दिवशी चौकातला सिग्नल तोडला, पोलिसानं अडवलं तर पळून गेला म्हणे.

शिवाप्पा कागद घेऊन माझ्याकडे आला. तोंड एवढंसं झालेलं.

"तात्या, दसऱ्याला मी राधानगरीला भनीकडं गेलतो. येष्टीनं! गाडी हितंच दारात हुती."

"हुतीच की! मीच हार घातलाय तिला."

"मग आता? दंड भरून मिटवू का?"

"खुळा हाईस का? दंड भरलास म्हंजे गुन्हा कबूल केलास. शाळावाले दारात हुबं करतील व्हय? चल, मी येतो साक्षीला!"

मी शाळेची पायरी चढलेला माणूस नव्हे. अक्षरं म्हातारपणी शिकलो, तीही नातीच्या पाटीवर. पण खरं-खोटं कळायला शाळा कशाला लागते?

आधी वाहतूक शाखेत गेलो. ते म्हणाले, केस कोर्टात गेली. कोर्टात पहिल्या खिडकीवरचा म्हणाला, दुसऱ्या खिडकीवर जा. दुसऱ्या खिडकीवरचा जेवायला गेलेला. मी आपला बाकावर बसून राहिलो. मला घाई कशाचीच नसते. शिवाप्पा मात्र पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालत होता. शुक्रवार होता ना! आज कागद मिळाला नाही, तर नोकरी गेलीच.

बाकावर शेजारी बसतील त्या सगळ्यांना मी हकिकत सांगत होतो. "ह्यो बघा, देवमाणूस! आन् सिग्नल तोडणारा भामटा मोकळा फिरतोय! तेबी दसऱ्याच्या दिवशी! सणासुदीला पोलिसाला गुंगारा देतो, माणूस का कोण?" लोक माना हलवायचे. मला आणखी चेव यायचा. शेवटी शेवटी तर मी त्या भामट्याच्या आईबापांपर्यंत पोचलो!

तीनच्या सुमाराला कारकून आला. चष्मेवाला, सावकाश बोलणारा. त्यालाही मी आल्या आल्या तेच ऐकवलं, 'त्या भामट्याला आदी धरा!' त्यानं गठ्ठ्यातनं शिवाप्पाची फाईल काढली.

"पोलिसाचा रिपोर्ट आहे. नंबर तुमच्याच गाडीचा आहे."

"रिपोर्ट वाचा साहेब," मी म्हटलं. "आन् मोठ्यानं वाचा! समद्यांना ऐकू दे!"

बाकावरचे सगळे उठून खिडकीशी आले. कारकुनानं चष्मा सारखा केला आणि वाचायला लागला.

"सायंकाळी सहाच्या सुमारास सदर इसम दुधाच्या दोन किटल्या लावून, लाल दिवा असताना चौकात शिरला…"

शिवाप्पा ओरडला, "बघा! माझ्या गाडीला किटल्या कुठनं आल्या?"

मी मफलर हळूच नाकापर्यंत वर ओढला. गल्लीत दूध घालणारा मी एकटाच.

"…मी हात दाखवून थांबवले असता सदर इसमाने गाडी थांबवून माझ्या हातात आपट्याची पाने ठेवली, 'सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा' असे म्हणून मला मिठी मारली व निघून गेला."

आता तुम्हीच सांगा, दसऱ्याच्या संध्याकाळी एखादा माणूस हात पुढं करून उभा असेल, तर तो काय मागतोय असं तुम्हाला वाटेल? मला वाटलं, बिचारा ड्युटीवर आहे, सणाला घरी जाता आलं नाही, माझ्याकडं सोनं मागतोय! मी तर दोन पानं जास्तच दिली होती. सिग्नल नवा होता. वर दिव्याकडं बघायचं असतं हे कुणाला ठाऊक?

शिवाप्पा हळूच माझ्याकडं वळला. "तात्या…"

"पर नंबर तुजा कसा रं?" मी पुटपुटलो.

तेही कळलं. दोघांच्या गाड्या एकाच पाडव्याला, एकाच दुकानातनं घेतलेल्या. माझ्या नंबराचा शेवटचा आकडा तीन, त्याचा आठ, बाकी सगळं सारखं. दसऱ्याला गाडीची पूजा करताना मी नंबरप्लेटवर मनापासून कुंकवाची बोटं ओढली होती. इंग्रजी तिनाची उघडी बाजू कुंकवानं बुजली आणि झाला आठ!

मी मफलर काढला. "साहेब, त्यो भामटा मीच."

कारकून चष्म्यावरनं बघत राहिला. "आजोबा, मघापासनं म्हणत होता ना, त्याला धरा म्हणून?"

"मग धरा की! पर ह्या पोराला सोडा. आजच्या आज कागद द्या त्येला. त्येची भाकरी हाय त्यात."

मागं जो हशा पिकला, तो ऐकून आतनं शिपाई धावत आला. मला न्यायाधीशबाईंपुढं उभं केलं. मी सगळं सांगितलं, कुंकवासकट. बाई हसल्या नाहीत, पण पदर तोंडाला लावून बराच वेळ फाईल बघत होत्या. शिवाप्पाचं नाव खोडलं, माझं घातलं आणि मला पुढची तारीख दिली. कोर्ट सुटायच्या आत शिवाप्पाच्या हातात कागद होता. सोमवारी पोरगा बसवर चढला!

त्यानं तोंडातनं एक शब्दही वावगा काढला नाही. मलाच लाज. माझी तारीख आली, तर गाडी बाहेर काढायचं धाडस होईना. मी चालत निघालो, तोच शिवाप्पानं सुट्टी काढून आपली गाडी दारात उभी केली.

"बसा तात्या, सोडतो कोर्टात. फकस्त येक करा. वाटंत पोलीस दिसला, तर हात मांडीवरनं उचलू नका!"