आईला शुद्ध बोलायला सांगितलं तेव्हा

रविवारी दुपारी आमच्या टोकियोतल्या तोयोसुच्या फ्लॅटमधून धुळ्याजवळच्या गावी आईला व्हिडिओ कॉल व्हायचा. तिकडे सकाळचे दहा-साडेदहा झालेले असायचे. आई नातीशी अहिराणीत बोलायची. "काय करी ऱ्हायनी वं माय?" असं तिनं विचारलं की माझी सात वर्षांची मुलगी खिदळायची आणि जपानीत काहीतरी सांगत सुटायची. दोघींना एकमेकींचं निम्मंही कळत नसे, तरी अर्धा तास सहज जायचा.

काळजी मला होती. मुलगी इथंच जन्मलेली, तिला धड मराठी बोलता येत नव्हतं, त्यात ही भर कशाला? परदेशात राहणारे आम्ही उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. एका रविवारी मी म्हणालो, "आई, तिच्याशी जरा शुद्ध बोलत जा ना. तिचा गोंधळ होतो."

आई "बरं" म्हणाली.

पुढच्या रविवारपासून ती पुस्तकातल्यासारखं बोलू लागली. "कशी आहेस? जेवण झाले का?" दोन-चार प्रश्नांत कॉल आटपायचा. वय झालं, थकत असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तेवढाही विचार मी केला नाही.

आमच्या ऑफिसात स्पेनचा एक सहकारी आहे. त्याचं गाव आरागॉनच्या डोंगरात. एकदा कोन्बिनीतून, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, आणलेले डबे खाताना त्यानं आपल्या आजीच्या भाषेबद्दल सांगितलं. आरागोनीज तिचं नाव. एके काळी ती राजदरबारी लिहिली जायची. मग स्पॅनिशपुढे मागे सरत सरत डोंगरातल्या थोड्या खोऱ्यांपुरती उरली. लोक तिला बिघडलेली स्पॅनिश म्हणत. त्याच्या वडिलांनी शाळेत तिच्यापायी मार खाल्ला होता. आता चाळिशीतला हा माणूस ती ऑनलाइन वर्गात शिकतो. एखादा शब्द आजी कसा म्हणायची, हे विचारायला आजी राहिलेली नाही.

"आमच्या घरात कोणी बंदी घातली नव्हती," तो म्हणाला. "वडिलांनी आजीला फक्त विनंती केली, पोराशी नीट बोल म्हणून. तिनं ऐकलं."

त्याच्या वडिलांना निदान छडीचं निमित्त होतं. मला कोणी मारलं होतं?

त्या रविवारी मुलीला शेजारी बसवलं आणि आईला म्हणालो, "आई, माझं चुकलं. तिच्याशी अहिराणीच बोल."

आई हसली. पदर सारखा केला. नातीकडे बघून तिनं तोंड उघडलं आणि ती थांबली. मग माझ्याकडे बघत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "नको रे. आता तिच्यापुढे तसं बोलायची लाज वाटते."

जन्मभर ती त्या भाषेत भांडली, बाजारात घासाघीस केली, आम्हाला रागावली. तिला तिची लाज कधीच वाटली नव्हती. ती मी दिली.