सरव्यासाठी एक शब्द

“सापडला!” अमरावतीहून रिकामी परतणारी कापसाची गाडी चावडीपुढे थांबली आणि पंत खाली उतरले. डोक्यात, भुवयांत, मिशीत कापसाचे धागे. काखेत जाड पुस्तक, आणि पान हरवू नये म्हणून त्यात घातलेलं बोट. माझी सासू तेव्हा निंबाखाली तिच्याच लुगड्यात गुंडाळून ठेवलेली होती. मी तिच्या तोंडावरच्या माशा हाकलत होते.

पंतांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तोंड उघडं राहिलं, पण बोट काही पानातून निघालं नाही. ते मला अजून दिसतं.

हे पंत इंग्रज साहेबाचे दुभाषी. राहणारे अकोल्याचे, जुन्या शहरातले. साहेब दौऱ्यावर निघाला की त्याच्या तंबूंच्या मागून यांची गाडी असायची. आमचं बोलणं साहेबाला इंग्रजीत सांगायचं, साहेबाचं आम्हाला मराठीत, हे यांचं काम. दुसरा कोणी भरभर उरकून जेवायला गेला असता. पंत अडले की डोळे मिटायचे, एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, “थांबा. शब्द बसत नाही.” मग साहेब थांबायचा, पाटील थांबायचा, साक्षीदार थांबायचे.

एकदा आमच्या गावचा एक कुणबी शेजाऱ्याच्या बैलाची तक्रार घेऊन गेला. म्हणाला, “बैल मारका हाये जी.”

पंतांचं बोट वर. “शिंगानं मारतो की लाथेनं? इंग्रजीत दोन्हीला निरनिराळे शब्द आहेत.”

“पंतजी, तुमीच एक डाव जवळ जाऊन पाहा ना!”

सगळे हसले. पंतही हसले, पण उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकले नाहीत. असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. शेजारी असलं तर करमणूक होते. आपला जीव त्याच्या हातात असला की करमणूक होत नाही.

ती कापसाच्या भावाची वर्षं होती. दूर कुठेतरी लढाई लागली आणि विलायतेला कापूस कमी पडला, असं म्हणत. आम्हाला लढाई दिसली नाही, भाव दिसला. जिथे ज्वारी व्हायची तिथेही पाटलानं पऱ्हाटी, म्हणजे कापूसच, पेरली. शेतं पांढरी झाली आणि घरात भाकरी कमी झाली. कापूस काही शिजवून खाता येत नाही.

आमच्याकडची चाल अशी होती. शेवटची वेचणी झाली की पाटील आपली गुरं पऱ्हाटीत चरायला सोडायचा. याला उलंगवाडी म्हणतात. गुरं आत गेली की मागून गरीब बायांनी जायचं. बोंडात अडकलेला, मातीत पडलेला जो कापूस राहिला असेल तो सरवा. वेचील तिचा. पाटलाला कोणी विचारत नसे, पाटील कोणाला हो म्हणत नसे. माझ्या सासूची सासूही तसाच वेचायची.

त्या साली पाटलानं गुरं सोडलीच नाहीत. मातीत पडलेल्या बोंडालाही भाव होता ना. शेतावर राखण्या बसवला. होळी झाली, पऱ्हाटी वाळून काटक्या झाल्या, तरी शेत बंद. घरातली ज्वारी संपली होती. माझा नवरा गाड्यांबरोबर खामगावला गेलेला. एका सकाळी सासू म्हणाली, “चाल वं. किती वाट पाहाची?” आम्ही दोघी गेलो. ओटी भरली आणि राखण्यानं धरलं.

साहेबाचा मुक्काम आमच्याच आमराईत होता. ओटीतला कापूस टेबलावर ओतला. टेबलावर तो फारच थोडा दिसत होता.

पंतांनी सासूला विचारलं, “शेत पाटलाचं. मग आत का गेलीस?”

“दरसाल जातो जी.”

“पण यंदा गुरं सोडली नव्हती ना?”

“नाई सोडली. पण होळी झाली, पंतजी! होळी झाल्यावर कोन पऱ्हाटी राखते? ह्याले लोभ सुटला, त्याले आमी का करावं?”

पाटील उसळला. “वावर माह्यं हाये! इतके दिस देल्लं ते माह्या मर्जीनं. आता नाई देत.”

पंत इंग्रजीत बोलले. साहेब हसला आणि तोंडात चिलीम धरल्यासारखं करून दाखवलं. पंतांनी मान हलवली, दुसरं काही बोलले. साहेबानं पाटलाकडे हात केला. मग साहेब जरा लांबलचक बोलला. आवाजात राग नव्हता. बोलताना त्यानं आमच्याकडे आणि पाटलाच्या पायांकडे पाहिलं. पंतांनी ते आम्हाला सांगितलं नाही. त्यांनी डोळे मिटले. बोट वर गेलं.

मग ते साहेबाशी इंग्रजीत पुष्कळ बोलले, आणि शेवटी साहेबानं खांदे उडवले. पंत आमच्याकडे वळले. “तीन दिवस चावडीत राहावं लागेल. मी अमरावतीहून एक पुस्तक घेऊन येतो.”

“पुस्तक कायले?” सासू म्हणाली. “मले घरी जाऊ द्या ना. कोंबड्या हायेत माह्या.”

“घरीच जाल. पण चोर म्हणून जाणार नाही.”

चावडीच्या खोलीत एक मडकं होतं. त्यातलं पाणी नाल्याचं, आणि नाल्यावर गाडीवाल्यांचे तळ पडलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूला पटकी लागली, जुलाब-उलट्या थांबेनात. चपराशी दार उघडून एकदा बघून गेला, तो पुन्हा फिरकला नाही. मी लुगड्याचं टोक ओलं करून तिच्या ओठांना लावत होते. तिसऱ्या दिवशी उजाडताना ती म्हणाली, “कोंबड्या सोडल्या का कोनं?” मी म्हटलं, “सोडल्या, आत्याबाई.” मला काय माहीत सोडल्या की नाही. दुपारच्या आत ती गेली. मग पंत आले.

पुस्तक साहेबानं वाचलं. आमच्या गावात होळीनंतरचा सरवा बायांचा, असा कागद झाला. मला तो वाचून दाखवला, पण माझं लक्ष नव्हतं. तिच्या चितेला सरपण कुठून आणायचं ते मी बघत होते.

पावसाळ्याच्या तोंडाशी पंत आमच्या घरी आले. ओट्यावर बसले. पाणी दिलं ते हातातच धरून बसले.

“साहेब त्या दिवशीच सोडत होता,” ते म्हणाले. “आमचं नव्हतं ते घेतलं असं म्हणा, पाटलाच्या पाया पडा आणि घरी जा, असं म्हणाला होता. मी ते तुम्हाला सांगितलं नाही.”

“काहून?”

“तुम्ही पाया पडला असता.”

“पडलोच असतो. आत्याबाई तर रोजच पडे त्याच्या पाया. तिले त्याचं काईच नोतं.”

“पण कागदावर चोरी लागली असती. पुढच्या साली एकाही बाईला शेतात पाऊल टाकता आलं नसतं.”

“पुढच्या सालचं आमी पुढच्या साली पाह्यलं असतं, पंतजी. आमाले इचारलं तं असतं.”

त्यांनी पाणी तसंच खाली ठेवलं. मग मीच म्हटलं, “कोनता शबूद होता तो?”

ते हळूहळू सांगू लागले. कॉन्स्विट्यूड. इंग्रजही तो क्वचितच वापरतात. आधी पंतांनी सवयीचा साधा शब्द सांगितला, तर साहेब म्हणाला, सवय तंबाखूचीही असते. रिवाजाचा सांगितला, तर म्हणाला, रिवाज शेतमालकाचा, तो वाटेल तेव्हा मोडेल. म्हणून हा तिसरा. तो मूळचा रोमी लोकांच्या जुन्या भाषेतला. त्याच्या पुढच्या तुकड्याचा अर्थ मिळून. मागच्याचा अर्थ अंगवळणी पडणं. आणि त्याच्याही पोटात जे बीज आहे ते आपल्या संस्कृतातल्या ‘स्व’चं सख्खं भावंड. म्हणजे पुष्कळांनी मिळून करता करता जे त्यांचं स्वतःचं झालं ते. कुठे लिहिलेलं नसलं तरी कायद्याच्या तोलाचं. एकट्याला मोडता येत नाही. पुढे त्याच शब्दाची झीज होऊन इंग्रजीत रिवाजाचा शब्द झाला, आणि पोशाखाचाही एक झाला.

सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला होता. मी म्हटलं, “आत्याबाईच्या अंगावर लुगडं एकच होतं. त्याच्यातच नेली तिले.” उजेड गेला. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं असेल.

त्यांनी नोकरी सोडली. काहींनी सांगितलं, काढलं. आम्ही पुढे पोट भरायला अकोल्याला गेलो, तेव्हा ते जुन्या शहरात घराच्या पडवीत मुलींना शिकवत. मी कापसातली सरकी काढायच्या चरकीवर कामाला जाई आणि तिथून त्या पडवीत. लहान मुलींच्या रांगेत बसून चार यत्ता शिकले. त्यांच्याकडेच का गेले, हे मला पुष्कळांनी विचारलं. अक्षर कोणाकडून तरी शिकायचंच होतं.

बोट वर करणं त्यांनी सोडलं होतं. नवीच खोड लागली होती. कुणाचं काहीही कुणाला सांगायचं असलं की आधी विचारायचे, “असंच सांगू ना?” एखादी मुलगी म्हणाली, पंतजी, हिनं माझी पाटी घेतली, की हे खाली वाकून, “असंच सांगू ना तिला?” मुली हसायच्या. घरी जाऊन नक्कल करायच्या. मला एकदा म्हणाले, “तुझी सासू चावडीत थांबायला हो म्हणाली असती का, असं रोज मनात येतं.” मी म्हटलं, “नाई म्हनली असती. घरी गेली असती.” त्यांनी मान हलवली आणि फळा पुसायला घेतला.

दूरची लढाई संपली, भाव पडला, मजुरीही पडली. पाटलाला वेचणीला बायका मिळेनात, तेव्हा तोच, सरवाही तुमचाच म्हणून, घरोघर बोलावणं पाठवू लागला. कागद कोणाला दाखवावा लागला नाही. तो आता कुठे आहे, मला माहीत नाही.

पंतांना दमा होता. एका हिवाळ्यात पडवी बंद झाली ती बंदच राहिली. साहेब विलायतेला गेला, पाटील वारला. चावडीत आम्ही दोघी होतो. त्यातली मी जगले.