कंट्रोलरच्या फळ्यावरची वीतभर जागा

गौतम गेल्याचं मला मोबाइलवर कळलं, आणि ते खरं की खोटं हे पाहायला मी धावत सुटलो तो थेट गौतमच्याच फळ्याकडे. याला अक्कल म्हणायचं की सवय, ते तुम्ही ठरवा. जानेफळहून दोन फाटे पुढं आमचं गाव. तिथं मोबाइल, पेपर, टीव्ही आणि माझ्यासारखे लोक काहीही सांगोत, बसस्टँडच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर आलं तरच गोष्ट खरी. फळ्यावर आदल्या दिवशीचं त्याचं अक्षर होतं : ‘उद्या सकाळची मेहकर गाडी येईल असं म्हणतात. पाहून सांगतो.’ गाडी येऊन गेली होती. सांगणारा मात्र... मी तिथंच बाकड्यावर बसलो. त्याला आता दीड महिना झाला.

गौतम आमच्या स्टँडवर कंट्रोलर, म्हणजे गाड्यांच्या वेळा फळ्यावर लिहिणारा माणूस. आवाज असा, की तो इथं खोकला तर तिकडं संग्रामपूरच्या शेळ्या उठून उभ्या राहत. नोकरीत नवा असताना त्यानं एकदा ‘बुलढाणा गाडी वेळेवर’ असं झोकात लिहून ठेवलं. दोन तास ताटकळलेल्या एका मुलीनं खडू उचलला आणि खाली लिहिलं, ‘खोटं. मी अजून इथंच.’ दुसऱ्या कुणी तिची ओळ पुसली असती. गौतमनं स्वतःची पुसली, तिची ठेवली. त्या मुलीचं नाव सुशीला. पुढं तिच्याशीच त्याचं लग्न झालं. यात मी एक अक्षर वाढवलेलं नाही, कारण वहिनी हा लेख वाचणार आहेत.

तेव्हापासून फळ्याच्या खालच्या वीतभर जागेत त्यानं कधी लिहिलं नाही. तिथं सुतळीला खडू बांधला. ज्याला वरचं पटलं नाही त्यानं खाली लिहावं. दिवस मावळेपर्यंत कुणी पुसायचं नाही, आणि गौतम दुसऱ्या दिवशी उत्तर देणार. निवृत्त झाल्यावर तो गाड्यांबरोबर गावाच्या बातम्याही लिहू लागला. मी तेव्हा पंचायतीत मेंबर होतो आणि माझ्या वॉर्डात पाण्याची टाकी बांधून घेतली होती. अशी टाकी, की तिच्या सावलीत अर्धं गाव जेवायला बसावं. एका सकाळी फळ्यावर वाचलं : ‘टाकी झाली. पाणी नाही.’ इकडंतिकडं पाहिलं, खिशातला रुमाल काढला आणि पुसून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एवढंच होतं : ‘काल इथं टाकीविषयी लिहिलं होतं. ज्यानं पुसलं त्याच्यासाठी खाली जागा आहे.’ गौतम मला रोज सकाळी चहा पाजायचा, वर पांढरा झालेला माझा रुमाल पाहून म्हणायचा, “काऊन बे बाबाराव, भजे तळून राह्यला का आजकाल? पीठ लागलं.” आठ दिवस मी ते भज्यांचं पीठ सोसलं. नवव्या दिवशी खडू घेतला आणि लिहिलं, ‘मी पुसलं. पाइप टाकायचा राहिला.’ पुढच्या निवडणुकीत मी असा आपटलो, की आवाज बुलढाण्याच्या कचेरीत ऐकू गेला. पण त्यानंतर मी काही सांगितलं की लोक निम्मं तरी खरं धरू लागले. माझ्यासाठी हा विक्रम आहे.

त्याची मुलगी प्रज्ञा विलायतेत नर्स. तिच्याकडं तो तीन महिने राहून आला. कंट्रोलरचं इंग्रजी म्हणजे लेट, कॅन्सल आणि ब्रेकडाऊन. एवढ्या भांडवलावर त्यानं शेजारच्या पीटर नावाच्या म्हाताऱ्या पोस्टमनशी दोस्ती केली. परत आला तो अस्वस्थ.

“बाबाराव, आपण समजत होतो, बोलण्याचं माहेर तिकडं आहे,” तो म्हणाला. “तिथं अर्धे नोकरी जाईन म्हणून चूप, अर्धे वरडून राह्यले. पेपर, पार्लमेंट, पोलीस... कोनाचा कोनावर भरोसा नाई. पीटर म्हणे, मी फक्त हवामानवाल्याईले मानतो. ते चुकले तर दुसऱ्या दिवशी दिसते तरी.”

“मंग तू काय केलं?” मी विचारलं.

“फळा लावला.”

प्रज्ञाच्या फाटकावर, खडूसकट. पहिल्या दिवशी यानं लिहिलं, ‘सूर्य कॅन्सल.’ पीटरनं खाली दुरुस्ती लिहिली : ‘मंगळवारी अकरा मिनिटं होता.’ मग गल्ली लिहू लागली. कचऱ्याची गाडी आली नाही, असं कुणी लिहिलं, तेव्हा पालिकेचा माणूस फळा काढायला आला आणि गौतमनं त्याच्या हाती खडू दिला. त्यानं म्हणे थोडा विचार करून लिहिलं, ‘चूक आमची. उद्या येतो.’ आणि आला. यातलं निम्मं गौतमचं, पाव माझं. उरलेलं खरं असावं. कारण तो गेल्यावर प्रज्ञानं फोटो पाठवला : फाटकावरचा फळा, वर पीटरच्या थरथरत्या अक्षरात गौतमचं नाव, खाली वीतभर कोरी जागा.

“लोक खोट्याले तेवढे भीत नाईत,” गौतम म्हणायचा. “पुसलं का मंग भरोसा जाते.” माझ्याकडं न पाहता म्हणायचा, हा त्याचा मोठेपणा.

गौतमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी गावानं मला फळ्यावर लिहायला सांगितलं. मला... म्हणजे पुसणाऱ्याला. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘गौतमसारखा माणूस जिल्ह्यात झाला नाही. तो कधी कुणाला वाकडा शब्द बोलला नाही.’ संध्याकाळी येऊन पाहतो, तर खाली ओळखीचं अक्षर : ‘खोटं. मले रोज दोन.’

शोकाच्या मजकुराखाली हे असलं. पाहुणे अजून गावात होते. माझा हात आपसूक रुमालाकडं गेला. मागं बाकड्यावर सुशीलावहिनी बसल्या होत्या.

“काऊन भाऊ, पुसता का?”

“नाई वहिनी. घाम पुसून राह्यलो.”

त्या हसल्या नाहीत, पण पदर तोंडाशी नेला खरा. ओळ रात्रभर राहिली. सकाळी मी खडू घेऊन वर लिहिलं, ‘दुरुस्ती : रोज दोन. मेहकर गाडी वेळेवर आली. मी पाहिली.’ मग खालची जागा मोजली. गौतमचा पंजा दांडगा होता. म्हणून माझी एक वीत, आणि वर चार बोटं, एवढी सोडली.